कमरेचा पट्टा आणि बाळाचे ठोके

पोटातल्या बाळाच्या हृदयाचे ठोके मिनिटाला साधारण ११० ते १६० पडतात. आईच्या नाडीच्या जवळजवळ दुप्पट. १४० हा मधला आकडा धरून आम्ही कारकुनी हिशेब मांडला, तर दिवसाचे दोन लाख एक हजार सहाशे ठोके झाले. त्यातले तपासणीच्या दिवशी डॉक्टर वा नर्सबाई ऐकतात ते मिनिटभराचे. मधल्या दिवसांत बाळाचे कसे चालले आहे ते कळावे कसे? यावर आता अंगाला बांधायची, चिकटवायची यंत्रे निघाली आहेत. मोबाइलवर त्यांच्या जाहिराती दिसू लागल्याने वस्तीतल्या दोन-तीन भगिनींनी आमच्याकडे चौकशी केली, म्हणून या वेळी हाच विषय घेतला आहे.

ठोके ऐकण्याची खटपट नवी नाही. फ्रान्समधले डॉक्टर पिनार यांनी १८९५ साली तुतारीच्या आकाराची छोटी नळी काढली. एक तोंड आईच्या पोटावर, दुसरे नर्सच्या कानाला. तिला वीज लागत नाही, सेल लागत नाही, आणि जाणत्या कानाला ती आजही पुरते. नंतर डॉप्लर यंत्र आले. मालेगावला रेल्वे नाही, पण मनमाडच्या फलाटावर उभे राहिलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे की गाडी जवळ येताना शिट्टी चढी लागते व दूर जाताना उतरती. यामागचे तत्त्व ऑस्ट्रियाच्या डॉप्लर या शास्त्रज्ञाने १८४२ साली मांडले. हे यंत्र कानाला ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरी पोटात सोडते आणि हलणाऱ्या हृदयावरून परत आलेल्या लहरींतून ठोके मोजते.

हेच यंत्र पट्ट्याने पोटावर बांधले की हात मोकळे राहतात. नॉर्वेच्या लेर्डाल कंपनीने असे ‘मोयो’ नावाचे यंत्र काढले. स्वाहिली भाषेत मोयो म्हणजे हृदय. टांझानियाच्या रुग्णालयांत ते वापरून पाहिले गेले. मुंबईच्या केअरएनएक्स कंपनीचे ‘फेटोसेन्स’ मोबाइलला जोडलेले असते, त्यामुळे खेड्यात काढलेला आलेख शहरातल्या डॉक्टरला पाहता येतो.

दुसऱ्या जातीच्या यंत्रात ध्वनिलहरी नाहीत, वीज आहे. हृदय आकुंचन पावते तेव्हा अगदी बारीक विद्युतलहर उठते. छातीला चकत्या लावून ईसीजी काढतात तो तिचाच. तशा चकत्या आईच्या पोटावर लावल्या की बाळाचीही लहर सापडते, पण आईची लहर तिच्यापेक्षा कितीतरी मोठी असते. शंभर माग धडधडत असताना शेजारच्या खोलीतल्या घड्याळाची टिकटिक ऐकायची, असे हे काम आहे, आणि ते संगणक करतो. त्यातही अडचण अशी की सातव्या-आठव्या महिन्यात बाळाच्या अंगावर पांढरा चिकट लेप धरतो, त्यातून वीज नीट बाहेर येत नाही. बंगळूरच्या जनित्री कंपनीचे ‘कीयार’ या जातीचे आहे. २०२० साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने घरी बांधून दुरून तपासणी करता येईल अशा एका पट्ट्याला परवानगी दिली, तीही ३२ आठवडे पूर्ण झाल्यावर, पोटात एकच बाळ असेल तर, आणि डॉक्टरांच्या सांगण्यावरूनच.

इतके वाचून कोणाला वाटेल, आता चिंता मिटली. तसे नाही. डब्लिनच्या प्रसूतिगृहात सुमारे १३ हजार बायांवर एक मोठी चाचणी झाली, तिचा अहवाल १९८५ साली आला. काहींचे ठोके बाळंतपणात यंत्राने सतत मोजले, काहींचे नर्सने ठरावीक वेळाने ऐकले. यंत्राच्या गटात जन्मानंतर झटके येणारी बाळे कमी निघाली, पण दगावलेल्या बाळांची संख्या दोन्हीकडे सारखीच राहिली. पुढच्या अनेक चाचण्या एकत्र पाहिल्या तर सतत मोजण्याने सिझेरियन मात्र वाढलेले दिसते. टांझानियातही पट्ट्याने बिघडलेले ठोके जास्त सापडले, पण त्या प्रमाणात बाळे जास्त वाचली असे दिसले नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली सांगितले ते असे: आई निरोगी असेल आणि कळा आपोआप सुरू झाल्या असतील, तर सतत यंत्र लावू नये, ठरावीक वेळाने ठोके ऐकावेत. कळांच्या काळात १५ ते ३० मिनिटांनी, जोर करण्याच्या वेळी दर ५ मिनिटांनी.

आम्हाला जास्त काळजी वाटते ती घरी मागवलेल्या स्वस्त डॉप्लरची. आमच्या वस्तीत एका घरी असे यंत्र आले. मुलगा यंत्रमागावर रात्रपाळी करणारा, पहिलटकरीण सून घरी कांड्या भरणारी. रात्री सारे घर ठोके ऐकायला बसे. नवव्या महिन्यात ती म्हणाली, कालपासून पोर नेहमीसारखं फिरत नाही. सासूबाईंनी यंत्र लावले, आवाज आला, आकडा ९२. ‘ऐकू येतंय ना, मग कशाला घाबरतेस,’ असे म्हणून विषय संपला. सकाळी आशाताई आल्या. त्यांनी यंत्र चालू ठेवून मुलीचे मनगट धरले. मनगटाची नाडी ९२, यंत्राचा आकडाही ९२. ऐकू येत होते ते आईचेच रक्त. आशाताईंनी वाद घातला नाही, रिक्षा बोलावली. त्याच दुपारी सिझेरियन झाले. मुलगी झाली, वजन कमी, पण रडली.

सगळीकडे असे होत नाही. इंग्लंडमध्ये एका बाईने ३८व्या आठवड्यात हालचाल कमी झाल्यावर घरच्याच डॉप्लरवर ठोके ऐकून मनाचे समाधान केले, आणि ती दवाखान्यात पोहोचली तेव्हा बाळ गेलेले होते. ब्रिटिश मेडिकल जर्नलने ही हकिकत २००९ साली छापली. ठोके ऐकू आले तरी बाळ अडचणीत असू शकते, हे जाणकाराला आलेखावरून कळते. घरच्या माणसाला नुसत्या आवाजावरून कळत नाही.

तेव्हा भगिनींनो, हालचाल हा तुमचा स्वतःचा आकडा आहे. २८ आठवड्यांनंतर प्रत्येक बाळाची एक सवय ठरते. कोणी संध्याकाळी फार हलते, कोणी जेवणानंतर. त्या सवयीत कमीपणा आला की त्याच दिवशी दवाखाना गाठायचा, उद्याची वाट पाहायची नाही. दिवस भरत आले की बाळ शांत होते, असे घरोघरी सांगतात ते खरे नाही. बाळाच्या हालचालीची तऱ्हा बदलेल, पण हालचाल थांबायला नको. अंगावरून रक्त वा पाणी गेले, डोके फार दुखले, डोळ्यांपुढे अंधारी आली, तरीही थांबू नये.

आणखी एक गोष्ट. ठोके १४० च्या वर असले की मुलगी, खाली असले की मुलगा, असे सांगणारे लोक भेटतात. ठोक्यांवरून मुलगा-मुलगी कळत नाही. १९९४ च्या कायद्याने गर्भलिंग सांगणे आणि विचारणे दोन्ही गुन्हा आहे, म्हणून असल्या गप्पांत यंत्राला ओढू नये.

मग असे पट्टे मालेगावात यावेत का? यावेत, असे आमचे मत आहे. रक्तदाब वाढलेली, मधुमेह असलेली, आधीचे बाळ गमावलेली बाई, यांच्यासाठी ते उपयोगी पडू शकतील. पण कोणी पुढारी फीत कापून पट्टे वाटायला आला, तर आपल्या महिला मंडळांनी त्याला तिथेच विचारावे: रात्री दोन वाजता पडद्यावरचा आकडा खाली गेला तर तो कोण पाहणार? त्या वेळी भूल देणारे डॉक्टर गावात असतील का, की बाईला शंभर किलोमीटरहून लांब नाशिकला पाठवणार? आणि कांदा काढायला गेलेल्या बाईने तपासणीसाठी रोज बुडवला तर तो तिला कोण देणार? टांझानियातल्या पट्ट्याची हकिकत आम्ही वर दिली ती याचसाठी.

दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी रुग्णालयांत गरोदर बायांची मोफत तपासणी असते. ही योजना २०१६ पासून चालू आहे. त्या दिवशी डॉक्टरांना ठोक्यांचा आकडा विचारा आणि कार्डावर लिहून घ्या. नेण्या-आणण्यासाठी १०२ आणि तातडीला १०८ हे क्रमांक चुलीजवळच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवा. नवऱ्याची रात्रपाळी असेल, तर शेजारच्या कोणाला उठवायचे ते आजच ठरवा.