सायंकाळ कुणी विकली?

सायंकाळी साडेपाच वाजता शहरातील एखाद्या शाळेच्या फाटकापाशी उभे राहून पाहावे. मुले बाहेर पडतात, फाटकाला कुलूप लागते आणि आतले मैदान ओस पडते. वडिलांच्या दुचाकीवर मागे बसून मुलगा वेफर्सची पुडी संपवतो आणि थेट क्लासच्या बाकावर जाऊन बसतो. ना धड भूक भागते, ना हातपाय हलतात.

याचे खापर फोडण्यासाठी बहुराष्ट्रीय कंपन्या फार सोयीच्या आहेत. त्या निर्दोष नाहीतच. पण पुडीचे पैसे कोण मोजते? अति मेद, मीठ व साखर असलेले पदार्थ शाळेच्या आवारात आणि फाटकापासून ५० मीटरच्या आत विकू नयेत, असा नियम अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२० मध्ये केला. एक्कावन्नाव्या मीटरवर दुचाकी थांबवणारा हात पालकाचाच असतो!

‘आधी दहावी होऊ दे, मग खेळ’ हा सुशिक्षित घरांतील आवडता युक्तिवाद. हाडे आणि स्नायू दहावीच्या निकालाची वाट पाहत थांबतात काय? ५ ते १७ वयातील मुलांना दररोज सरासरी एक तास अंग घामाघूम करणारी हालचाल हवी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. ज्या महाराष्ट्रात औंधच्या राजाने सूर्यनमस्काराचा ध्यास घेतला, ज्या अमरावतीत १९१४ साली उभ्या राहिलेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ मध्ये बर्लिनला देशी खेळ दाखवले, तेथे हे परक्या संस्थेकडून ऐकावे लागावे?

उपाय खर्चिक नाही. शाळा सुटल्यावर दीड तास मैदान उघडे ठेवावे. एक जाणता शिक्षक, एक मल्लखांब, लंगडी आणि खो-खो एवढे पुरते. त्यानंतरचा खाऊ मुलांनीच करावा. आदल्या दिवशी मटकी भिजवावी, मोड आणावेत, कांदा चिरावा, ताक घुसळावे. शीतपेयाच्या ३०० मिलिलिटरच्या बाटलीत सुमारे ३० ग्रॅम साखर असते. ती मुलांच्याच हातून तराजूत तोलून घ्यावी. आहारावरील दहा व्याख्यानांनी जे साधत नाही, ते त्या साखरेच्या ढिगाने साधेल. (व्याख्यानांची हौस आपल्यालाही आहे. आरोग्यावरील बौद्धिक संपताच वडापाव वाटलेले प्रस्तुत लेखकाने पाहिले आहे, आणि खाल्लेही आहेत.)

‘मूल पडले तर जबाबदारी कुणाची?’ हे संस्थाचालकांचे ठरलेले उत्तर. मात्र तेच मैदान लग्नासाठी, प्रदर्शनासाठी भाड्याने देताना अनेकांना जबाबदारीचे भय वाटत नाही. मांडवाच्या खांबांनी पडलेले खड्डे सोमवारी मुलेच चुकवत असतात. येत्या पालकसभेत गुणपत्रिकेचा विषय आटोपला की एवढेच विचारावे : साडेपाचनंतर मैदानाची किल्ली कुणाकडे असते, आणि ती उद्यापासून मुलांसाठी का मिळू नये?