क्लाउडवर गेलात? मग भाडेपावती दाखवा!

सप्टेंबर आला की पतपेढ्या, सोसायट्या, ग्रामस्थ मंडळं यांच्या वार्षिक सभा लागतात. गेली काही वर्षं या सभांमध्ये एक वाक्य हमखास ऐकू येतं. सेक्रेटरी उठतात, घसा साफ करतात आणि सांगतात, "आपला सगळा कारभार आता क्लाउडवर गेला आहे." टाळ्या. विषय मंजूर. पुढचा विषय चहापान.

गेला म्हणजे नेमका कुठे गेला? कोणाच्या जागेत? कोणत्या अटीवर? आणि उद्या परत आणायचा झाला तर? हे कुणी विचारत नाही.

मी तालुक्याच्या गावचा पत्रकार. डिप्लोमा पत्रकारितेचा आहे, कॉम्प्युटरचा नाही. पण आमच्या कोकणातल्या कित्येक गावांचा हिशेब लालबाग, परळ, गिरगावातल्या मंडळांच्या आणि पतपेढ्यांच्या दप्तरात असतो. चाकरमान्यांच्या घामाचा पैसा आहे तो. त्यामुळे हे प्रश्न विचारायचा हक्क मला आहे, आणि तुम्हालाही आहे.

पहिली गोष्ट. ढगबिग काही नाही, इमारत आहे! ऐरोली, महापे, रबाळे, पवई या भागांत डेटा सेंटरच्या मोठमोठ्या इमारती उभ्या आहेत. आत रॅकमध्ये लावलेले सर्व्हर, चोवीस तास गारवा, वीज गेली तर डिझेलचे जनरेटर. मायक्रोसॉफ्टनं 2015 मध्ये पुणे, मुंबई आणि चेन्नईत आपली केंद्रं सुरू केली. अ‍ॅमेझॉन जून 2016 मध्ये मुंबईत आलं, गुगल 2017 मध्ये. तिथल्या यंत्रांचा थोडा भाग तुम्ही भाड्यानं घेता. बस्स, याचं नाव क्लाउड.

आणि भाडं हा विषय गिरगाव-लालबागकरांना मी काय शिकवणार? पागडी म्हणजे काय, लिव्ह अँड लायसन्स म्हणजे काय, पोटभाडेकरू कोण, हे इथल्या शाळकरी पोरालाही कळतं. आजोबांच्या नावाची भाडेपावती आजही कपाटात जपून ठेवलेली असते. गिरणगावात एकाच खोलीत पंधरा-वीस माणसं पाळीपाळीनं झोपायची. एक पाळी कामावर गेली की दुसरी अंथरुणावर. क्लाउडचं गणितही तेच. एकाच यंत्रावर अनेकांचा संसार. एकाला नको तेव्हा दुसरा वापरतो, म्हणून प्रत्येकाला स्वस्त पडतं.

पण सगळं भाडं एकसारखं नसतं. क्लाउडमध्ये मुख्य प्रकार तीन. अमेरिकेच्या मानक संस्थेनं 2011 मध्ये केलेली ही विभागणी आज जगभर धरली जाते. नावं बोजड आहेत, अर्थ सोपा आहे.

1) रिकामा गाळा. याचं नाव 'इन्फ्रास्ट्रक्चर अ‍ॅज अ सर्व्हिस'. लोअर परळच्या एखाद्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये चार भिंती, वीज आणि शटर मिळतं ना, तसं. अ‍ॅमेझॉननं 2006 मध्ये साठवणीसाठी एस-थ्री आणि गणनशक्तीसाठी ईसी-टू अशा दोन सेवा काढल्या, तिथून हा धंदा फोफावला. यंत्र, वीज, इमारत त्यांची. आत कोणती प्रणाली बसवायची, तिचे अपडेट कधी करायचे, कुलूप कुठलं लावायचं, बॅकअप कोण घेणार, हे सगळं तुमच्यावर. शटर उघडं राहिलं आणि चोरी झाली तर घरमालक हात वर करतो, आणि करारानुसार तो बरोबर असतो. सोडून जाणं मात्र त्यातल्या त्यात सोपं, कारण आतलं सामान तुमचं.

2) छापखाना. 'प्लॅटफॉर्म अ‍ॅज अ सर्व्हिस'. मजकूर तुम्ही न्यायचा. मशीन, शाई, मशीन चालवणारा माणूस त्यांचा. गुगलनं 2008 मध्ये आणलेलं अ‍ॅप इंजिन हे याचं जुनं उदाहरण. तुमच्या प्रोग्रामरनं प्रोग्राम लिहायचा, बाकी चालवणं-सांभाळणं त्यांच्याकडे. डोक्याला ताप कमी. पण तुमचे ब्लॉक त्याच मशीनच्या मापानं कापले जातात. उद्या दुसऱ्या छापखान्यात गेलात की ते बसत नाहीत, नव्यानं कापावे लागतात. हा खर्च पहिल्या कोटेशनमध्ये कधीच नसतो.

3) खानावळ. 'सॉफ्टवेअर अ‍ॅज अ सर्व्हिस'. महिन्याचे पैसे भरा, पानावर बसा. जीमेल हे याचंच रूप. सोसायटीचं बिलिंग, पतपेढीचं खातं-सॉफ्टवेअर, शाळेची फी अशा सेवाही आता बहुतेक याच प्रकारात मिळतात. स्वयंपाकघर दिसत नाही, दिसायची गरजही वाटत नाही. ताट आपल्यापुढे येतं, पण भांडी, कोठी आणि हिशेबाची वही त्यांची.

गिरणगावची जुनी खानावळ मात्र वेगळी होती, हे सांगायलाच हवं. वाढणारी बाई त्याच चाळीतली असायची. प्रेमा पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढून या बायकांना एकत्र आणलं. गिरणी कामगाराचा पगार लांबला तरी त्याचं ताट बंद होत नव्हतं, उधारी चालायची. आजच्या खानावळीत कार्डावरून पैसे कापले गेले नाहीत की ठरलेल्या मुदतीनंतर यंत्रच ताट काढून घेतं. भांडायला समोर माणूस नाही.

आता सभेत टाळ्या वाजवणाऱ्यांनी मला सांगावं, आपली संस्था या तिन्हींपैकी कशात आहे? चेअरमनना विचारा. सेक्रेटरींना विचारा. "ते आमचा सॉफ्टवेअरवाला बघतो" असं उत्तर आलं तर चौथा प्रकार समजा: पोटभाडेकरू. मोठ्या कंपनीकडून गाळा घेणारा कुणी तिसराच, त्याच्या गाळ्यात तुमचं सामान, आणि मूळ मालकाच्या वहीत तुमचं नावसुद्धा नाही.

मी उगाच भीती घालत नाहीये. तीन घटना सांगतो.

जुलै 2024. सी-एज नावाची कंपनी, टीसीएस आणि स्टेट बँक यांच्या भागीदारीतली. छोट्या सहकारी आणि ग्रामीण बँकांना बँकिंगची यंत्रणा पुरवणारी. तिच्यावर रॅन्समवेअर हल्ला झाला. हल्ला पसरू नये म्हणून एनपीसीआयनं 31 जुलैला तिची जोडणी तोडली. सुमारे 300 छोट्या बँकांच्या ग्राहकांचे यूपीआय आणि एटीएमचे व्यवहार अडकले. जोडणी दुसऱ्या दिवशी पूर्ववत झाली. पण बघा, त्या बँकांच्या स्वतःच्या कार्यालयात काहीच बिघडलं नव्हतं. खानावळीला टाळं लागलं आणि सगळी पंगत उपाशी.

मे 2024. ऑस्ट्रेलियातला युनिसुपर हा पेन्शन फंड, सहा लाखांहून जास्त सभासद. गुगल क्लाउडवर त्यांची व्यवस्था उभारताना गुगलकडून एक रकाना रिकामा राहिला होता. त्यामुळे यंत्रणेनं एक वर्षाची मुदत धरली आणि वर्ष संपताच सगळं आपोआप पुसून टाकलं. अकरा महिन्यांचा करार संपला म्हणून भाडेकरूला न विचारता खोलीच पाडली, तसं! सभासदांना सुमारे आठवडाभर खातं बघता आलं नाही. वाचले कशामुळे? दुसऱ्या कंपनीकडे वेगळा बॅकअप ठेवला होता म्हणून.

तिसरी घटना आपल्या मुंबईतली. जुलै 2025. नायरा एनर्जी, मुख्यालय मुंबईत, वाडीनारला मोठी रिफायनरी. कंपनीत रशियन रोसनेफ्टचा 49 टक्क्यांहून थोडा जास्त वाटा. युरोपियन युनियननं निर्बंध घातले आणि मायक्रोसॉफ्टनं नायराचा ईमेल आणि टीम्स बंद केलं. पैसे भरलेले, परवाने चालू. भारतात हे निर्बंध लागू नाहीत. तरी नळ तोडला. नायरा दिल्ली हायकोर्टात गेली आणि काही दिवसांतच सेवा पुन्हा सुरू झाली. रिफायनरीकडे वकिलांची फौज असते. लालबागच्या पतपेढीनं कोणत्या कोर्टात जायचं?

आता म्हणाल, मग काय, लोखंडी कपाटात रजिस्टरं ठेवायची? मुळीच नाही. 26 जुलै 2005 ला मुंबईत एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस झाला. हिंदमाताला तर दरवर्षी पाणी तुंबतं. तिथल्या तळमजल्यावर सर्व्हर ठेवणं म्हणजे दप्तर गटारात ठेवण्यासारखं आहे. 21 जून 2012 ला मंत्रालयाला आग लागली तेव्हा कागदी फायलींचं काय झालं ते राज्यानं पाहिलं. नंतर जानेवारी 2018 मध्ये राज्य सरकारनं सार्वजनिक क्लाउडचं धोरण आणलं, ते योग्यच होतं. माझं भांडण क्लाउडशी नाहीच. बिनपावतीच्या भाडेकरारावर डोळे मिटून सही करण्याशी आहे.

घराच्या भाड्याचा कायदा बघा. या शहरातल्या भाडेकरूला 1947 च्या कायद्यानं संरक्षण दिलं, पुढे 1999 चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा आला. त्यात मालकानं पावती दिलीच पाहिजे. योग्य कारणाशिवाय पाणी-वीज तोडता येत नाही. मनमानी भाडेवाढ करता येत नाही. हे कुणी दान दिलं नाही, लोक भांडले म्हणून मिळालं.

डेटाच्या भाडेकरूला यातलं काय मिळतं? दर कधीही वाढतात. गुगल फोटोजची मोफत अमर्याद साठवण 1 जून 2021 पासून बंद झाली आणि त्यानंतर टाकलेलं सगळं 15 जीबीच्या हद्दीत मोजायला लागले. आधी फुकट बोलावलं, सामान भरू दिलं, मग भाडं लावलं. आपला डेटा एका कंपनीकडून दुसरीकडे नेण्याचा हक्क व्यक्तिगत डेटा संरक्षणाच्या 2019 च्या विधेयकात होता. 2023 मध्ये कायदा झाला तेव्हा तो हक्क त्यात नव्हता! युरोपात मात्र सप्टेंबर 2025 पासून डेटा अ‍ॅक्ट लागू झाला. ग्राहकाला क्लाउड कंपनी बदलू देणं तिथे बंधनकारक आहे आणि 12 जानेवारी 2027 पासून त्यासाठी पैसेही घेता येणार नाहीत.

आमच्या साप्ताहिकाचंच सांगतो. वेबसाइट चालवणाऱ्या एका कंपनीनं, नाव नको, दर एकदम तिप्पट केले. सोडतो म्हटल्यावर जुन्या अंकांचा मजकूर पेनड्राइव्हवर आला. हजारो फाइली, नावाऐवजी नुसते आकडे, तारखा नाहीत, फोटोओळी नाहीत. कायद्यानं त्यांच्यावर काही बंधनच नव्हतं. बातम्यांचं एकवेळ ठीक, पण ठेवीदारांच्या खात्यांचं असं झालं तर?

इथेच खरी मेख आहे. रिझर्व्ह बँकेनं एप्रिल 2023 मध्ये आयटीची कामं बाहेर देण्याबाबत निर्देश काढले. बाहेर पडायची योजना आधीच तयार ठेवा, असं त्यात बँकांना सांगितलंय. पण पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या कक्षेत येत नाहीत. त्या राज्याच्या सहकार खात्याखाली. म्हणजे ज्या ठेवीदाराचं संरक्षण आधीच कमी, त्याच्याच डेटाला वाली नाही. सहकार आयुक्तांनी पतसंस्थांसाठी तसेच नियम काढावेत, ही माझी जाहीर मागणी आहे. नोटिशीची किमान मुदत, डेटा परत देण्याची सक्ती आणि स्वतंत्र बॅकअप या तीन अटींशिवाय कुठलाही करार मंजूर होता कामा नये.

तोवर आपण काय करायचं? यंदाच्या सभेत उभं राहा आणि हे पाच प्रश्न इतिवृत्तात लिहून घ्यायला लावा:

1. आपण काय घेतलंय – रिकामा गाळा, छापखाना की खानावळ?
2. करार थेट मूळ कंपनीशी आहे की मधल्या माणसाशी? खातं संस्थेच्या नावावर आहे की कुणाच्या खासगी ईमेलवर?
3. सोडायचं झालं तर डेटा किती दिवसांत, कोणत्या स्वरूपात आणि किती पैशांत परत मिळेल?
4. बॅकअप दुसऱ्या कंपनीकडे किंवा आपल्या ताब्यात आहे का? तो उघडून शेवटचा कधी बघितला?
5. दर वाढवण्याआधी आणि सेवा बंद करण्याआधी किती दिवसांची लेखी नोटीस?

तज्ज्ञ असण्याची गरज नाही. खोली भाड्यानं घेताना जेवढं विचारता तेवढंच विचारा. "एवढं कोण बघतं हो" असं म्हणणारे भेटतील. त्यांना विचारा, तुमच्या खोलीची पावती दुसऱ्याच्या कपाटात ठेवाल का?

पटलं तर आपल्या मंडळाच्या, सोसायटीच्या, पतपेढीच्या ग्रुपवर टाका. सभा 30 सप्टेंबरच्या आत व्हायच्या आहेत. आणि सेक्रेटरींनी उत्तर दिल्याशिवाय चहाला उठू नका.