"पैसा परदेशात गेला" म्हणून फाईल बंद करू नका

सातारा-सांगलीत क्रिप्टोत फसलेला माणूस तक्रार द्यायला गेला की त्याला एक ठरलेलं वाक्य ऐकायला मिळतं: "पैसा परदेशात गेला, आता काय कळायचं नाही." ओळखीच्या दोघांसोबत मी स्वतः गेलोय. ठाणी वेगळी, वाक्य तेच. ठाण्यांची नावं लिहीत नाही, कारण प्रश्न एका साहेबाचा नाही. पण ते वाक्य खोटं आहे, एवढं स्पष्ट लिहितो.

आपल्या विटा-खानापूरच्या गलाईवाल्यांना विचारा. सोनं एकदा मुशीत वितळलं की ते कुणाच्या गंठणाचं होतं हे ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही. क्रिप्टोचं नेमकं उलटं. प्रत्येक व्यवहार एका सार्वजनिक वहीत कायमचा चढतो. कुठल्या पत्त्यावरून, कुठल्या पत्त्यावर, किती, किती वाजता. ती वही खोडता येत नाही आणि वाचायला कुणाची परवानगी लागत नाही. फक्त माणसाचं नाव नसतं, अक्षरं-आकड्यांचा लांबलचक पत्ता असतो.

वही भरते मात्र तुफान वेगानं. फसवणुकीत जास्त करून यूएसडीटी चालतं, तेही ट्रॉन नेटवर्कवर. तिथं दर ३ सेकंदाला नवा ब्लॉक. डोळ्यांनी कोण बघत बसणार? म्हणून कोड लागतो. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या सौद्याला पोत्यांच्या थप्प्या लागलेल्या असतात, पण शेतकऱ्याची नजर आपल्याच लॉटवर असते ना? तसंच. प्रोग्राम नेटवर्कला जोडायचा, येणाऱ्या प्रत्येक ब्लॉकमधले फक्त यूएसडीटीचे ट्रान्सफर उचलायचे, आणि पाठवणारा किंवा घेणारा पत्ता आपल्या यादीत असेल तेवढेच ठेवायचे. बाकी सगळे सोडून द्यायचे. पैसा पुढं सरकला की नवा पत्ताही यादीत. पायथनमध्ये पन्नासेक ओळींचं काम आहे. मी केलंय, साध्या लॅपटॉपवर, फुकट मिळणारी जोडणी वापरून.

"पण नाव कुठं कळतं?" असं विचारणारे लगेच येतील. कळतं, एका ठिकाणी कळतं. चोराला शेवटी रोकड पाहिजे असते आणि त्यासाठी तो बहुतेक वेळा एक्स्चेंजवर येतो. एक्स्चेंज ग्राहकाला वेगळा जमा-पत्ता देतं आणि तिथं आलेली रक्कम आपल्या मोठ्या वॉलेटमध्ये ओढून घेतं. ही मोठी वॉलेट बरीचशी माहितीतली असतात. म्हणजे रक्कम तिकडं ओढली गेली की तिच्या आधीचा पत्ता त्या एक्स्चेंजच्या कुठल्यातरी ग्राहकाचा. मार्च २०२३ पासून आपल्याकडं क्रिप्टो व्यवसाय मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायद्याखाली आहेत, केवायसी ठेवणं त्यांना बंधनकारक आहे. बीएनएसएसच्या कलम ९४ खाली कागद मागवा. यूएसडीटी काढणारी टेथर कंपनी तर पोलिसांनी कळवल्यावर पत्ता गोठवू शकते, आणि तिनं गोठवलेतही. पण हे सगळं पैसा हलतोय तोवर. सहा महिन्यांनी जबाब नोंदवून काय गोठवणार?

कधी माग तुटतोही, नाकारत नाही. पण माग तुटला हे माग काढल्यावर सांगायचं असतं, आधी नाही.

दुसरं उत्तर असतं, "बाहेरचे तज्ज्ञ नेमू." पुण्यात काय झालं आठवा. गेनबिटकॉइन प्रकरणात दरमहा १० टक्के परताव्याच्या आमिषानं लोक बुडाले. तपासाला मदत म्हणून पोलिसांनी बाहेरचे दोन सायबर तज्ज्ञ घेतले. मार्च २०२२ मध्ये पुणे पोलिसांनी त्याच दोघांना अटक केली! त्यातला एक माजी आयपीएस. आरोप असा की आरोपींच्या वॉलेटमधलं चलन स्वतःकडं वळवलं आणि पोलिसांना शिल्लक कमी दाखवणारे फेरफार केलेले स्क्रीनशॉट दिले. खरं-खोटं न्यायालय ठरवेल. माझा प्रश्न साधा आहे: वही जगासमोर उघडी असताना स्क्रीनशॉटवर भरवसा कशाला? तोच पत्ता ठाण्यातल्या एखाद्या हवालदारानं स्वतः टाकून बघितला असता तर शिल्लक समोर दिसली असती.

पैशाचं रडगाणं तर सांगूच नका. सरकार क्रिप्टोच्या नफ्यावर ३० टक्के कर घेतं, वर १ जुलै २०२२ पासून विक्रीवर १ टक्का टीडीएस. महाराष्ट्र सायबरसाठी ८३७ कोटींचा प्रकल्प झाला. त्यातलं सातारा-सांगलीच्या तक्रारदारापर्यंत काय पोचलं? मी कोटींची मशिनरी मागतच नाही. सांगलीत वालचंद आहे, इस्लामपूरला आरआयटी आहे, साताऱ्यात केबीपी आहे. तिथली पोरं हा प्रोग्राम आठवड्यात बसवून देतील. यादी आणि पासवर्ड मात्र पोलिसांच्याच हातात पाहिजे, आणि प्रत्येक नोंद दुसऱ्या माणसाला पडताळता आली पाहिजे. दोन्ही पोलीस अधीक्षकांना माझी हीच मागणी आहे. कडकनाथच्या वेळी इस्लामपूर भागातले शेतकरी करारपत्रं आणि पावत्या घेऊन हिंडले, इथं पुरावा आयता मांडून ठेवलाय.

आणि ज्यांचं गेलंय त्यांच्यासाठी: ॲप डिलीट करू नका. आधी १९३० ला फोन लावा. ज्या पत्त्यावर पाठवलं तो पत्ता (ट्रॉनचा असेल तर इंग्रजी टी पासून सुरू होतो, ३४ अक्षरांचा) आणि व्यवहाराचा ६४ अक्षरी हॅश कॉपी करून ठेवा, फोटोवर भागवू नका. फिर्यादीत दोन्ही जसेच्या तसे लिहून घ्या. एक अक्षर चुकलं तर पत्ता सापडत नाही, म्हणून टाईप झाल्यावर वाचून बघा, मगच सही करा. लिहून घ्यायला कोणी नकार दिला तर तो नकारही लेखी मागा.