हरण्याची मजुरी

शाळेच्या क्रीडामहोत्सवात एकदा जाहीर करून पाहा, की धावण्याच्या शर्यतीत जो सगळ्यात शेवटी येईल त्याला सायकल बक्षीस! शिट्टी वाजली तरी एक पोरगं जागचं हलणार नाही. कुणी बुटाची नाडी बांधत बसेल, कुणाच्या पायात नेमका तेव्हाच काटा मोडेल. मग आपण पोरांना झोडपायचं का? मी तरी झोडपणार नाही. शेवटच्या नंबराला सायकल कुणी लावली, त्या मास्तराला मी आधी शोधून काढीन.

उदाहरण पोरकट वाटेल. पण जगातल्या सगळ्यात श्रीमंत खेळांपैकी एक, अमेरिकेतलं व्यावसायिक बास्केटबॉल, हेच करत आलं आहे.

आमचा नातू पुण्याला शिकतो. दिवाळीला जवळा बाजारला आला की भल्या पहाटे उठून मोबाईलवर ते सामने पाहतो. मला त्यातलं फार कळत नव्हतं. एकदा त्याला विचारलं, "हा कोणता संघ रे, रोजच हरतो?" तर म्हणाला, "आजोबा, हरू द्या की. हरला तर पुढच्या वर्षी चांगला खेळाडू मिळेल." हे उत्तर ऐकून मी चष्माच पुसला. मग त्याच्याकडून सगळं समजून घेतलं, वाचलं, आणि जे कळलं ते असं.

त्या लीगचं नाव एनबीए. संघ ३०. दर वर्षी नवे तरुण खेळाडू येतात आणि संघ एकामागून एक त्यांची निवड करतात. तिकडे याला ड्राफ्ट म्हणतात. पहिली निवड दुबळ्या संघाला मिळावी, म्हणजे तोही उभा राहील, असा मूळ हेतू. हेतूला नावं ठेवायला जागा नाही. वर्गातल्या मागे पडलेल्या मुलाकडे जास्त लक्ष द्यावं, हे तर आम्ही जन्मभर सांगत आलो.

पण माणूस लबाड! १९६६ पासून दोन विभागांतल्या तळाच्या दोन संघांमधे नाणं उडवून पहिली निवड ठरत असे. १९८३-८४ च्या हंगामात ह्यूस्टनचा संघ मुद्दाम हरतो आहे असा आरोप झाला. नाणंही त्यांच्याच बाजूने पडलं आणि ओलाजुवॉन नावाचा महान खेळाडू त्यांना मिळाला. बोंब झाली, म्हणून १९८५ साली लॉटरी आणली. बाद फेरीत न पोचलेल्या सातही संघांना सारखी संधी. मग ओरड झाली, की अगदी तळाच्या संघावर अन्याय होतो. १९९० पासून जो जास्त हरला त्याच्या चिठ्ठ्या जास्त. १९९३ साली ६६ पैकी एकच चिठ्ठी असलेल्या ऑर्लँडोला पहिला नंबर लागला. पुन्हा ओरड. मग तळाच्या संघाची संधी वाढवून २५ टक्के केली. त्यातून हरण्याची चढाओढ लागली, तेव्हा २०१९ साली ती कमी करून शेवटच्या तिघांना प्रत्येकी १४ टक्के केली.

पाहिलंत? घड्याळाचा लंबक नुसता इकडून तिकडे. चाळीस वर्षं सायकल किती चाकांची द्यायची यावरच वाद, सायकल शेवटच्या नंबराला द्यायचीच कशाला हे कुणी विचारत नाही!

फिलाडेल्फियाच्या संघाने तर लाजच सोडली. २०१३ ते २०१६ या तीन हंगामांत त्यांनी ४७ सामने जिंकले आणि १९९ हरले. हे अपघाताने झालं नाही. चांगले खेळाडू विकायचे, पुढच्या वर्षांच्या निवडी गोळा करायच्या, आणि सध्याच्या प्रेक्षकाला सांगायचं की धीर धरा. २०१६ साली पहिली निवड मिळाली एकदाची. पण २०२५ पर्यंत तरी त्या संघाला विजेतेपद काही मिळालेलं नव्हतं.

आता मी आमच्या भागातलं उदाहरण देतो, म्हणजे मुद्दा नीट कळेल.

आमच्याकडे पिकांची पैसेवारी निघते. वर्षानुवर्षं असं होतं, की पैसेवारी ५० पैशांच्या आत आली की गाव टंचाईत धरायचं. शेतसाऱ्यात सूट, वीजबिलात सवलत, मुलांची परीक्षा फी माफ. त्यामुळे पैसेवारी कमी लागावी असं प्रत्येक गावाला वाटतं आणि त्यासाठी तहसीलवर खेटेही घातले जातात. पण मंडळी, पैसेवारी कमी लागावी म्हणून कुणा शेतकऱ्याने उभ्या सोयाबीनमधे जनावरं सोडलेली तुम्ही पाहिली आहेत का? हळद उपटून फेकलेली? नाही. कारण मदत नेहमी नुकसानीपेक्षा लहान असते. पीक गेलं तर त्याच्याच पोटाला चिमटा बसतो.

एनबीएमधे हे गणित उलटं झालं आहे. तिथे मदत नुकसानीपेक्षा मोठी आहे. एक ओलाजुवॉन मिळाला तर दहा वर्षांची सोय होते, आणि हरल्याने मालकाच्या पोटाला चिमटा बसत नाही, कारण टीव्हीच्या हक्कांचे पैसे हरणाऱ्यालाही मिळतातच. भरपाई नुकसानीपेक्षा मोठी झाली की नुकसान हाच धंदा होतो. माझं म्हणणं एवढंच आहे आणि बाकी सगळा त्याचा विस्तार.

दंड केला की लोक सुधारतात, असं काही जण म्हणतील. तर ऐका. एप्रिल २०२३ मधे डॅलसच्या संघाने शिकागोविरुद्ध आपले महत्त्वाचे खेळाडू बसवून ठेवले आणि सामना हरले. पुढे जाण्याची थोडी आशा तेव्हा शिल्लक होती, तरीही! कारण त्यांची त्या वर्षीची निवड पहिल्या दहांत आली तरच त्यांच्याकडे राहणार होती, नाहीतर ती न्यूयॉर्कला द्यावी लागणार होती. लीगने साडेसात लाख डॉलर दंड केला. डॅलसने दंड भरला. निवड मात्र त्यांच्याकडेच राहिली! याला दंड म्हणायचं का? आमच्या मोंढ्यात याला हमाली-तोलाई म्हणतात. माल घेतला की तेवढा खर्च यायचाच.

गंमत पुढे आहे. २०२५ च्या लॉटरीत याच डॅलसला अवघी १.८ टक्के संधी होती आणि पहिला नंबर त्यांनाच लागला. उलट २०२३, २०२४ आणि २०२५ या तिन्ही वर्षी जो संघ सगळ्यात तळाला होता त्याला पाचवी निवड मिळाली. म्हणजे जो खरोखर दुबळा त्यालाही मदत पोचली नाही, आणि मुद्दाम हरण्याचा मोहही सुटला नाही. दोन्ही दगडांवर पाय ठेवला की असंच होतं.

हे सगळं सातासमुद्रापलीकडचं, आपल्याला काय त्याचं? असं म्हणू नका. आपलीही दोन माणसं यात भरडली गेली आहेत.

२०१२ चं लंडन ऑलिंपिक आठवा. बॅडमिंटनच्या महिला दुहेरीत ज्वाला गुट्टा आणि अश्विनी पोनप्पा खेळत होत्या. ज्वालाचा जन्म आपल्या वर्ध्याचा. त्या वर्षी पहिल्यांदाच ऑलिंपिक बॅडमिंटनमधे गटसाखळी ठेवली होती. ३१ जुलैला चीनची एक जोडी मुद्दाम चेंडू, म्हणजे शटल, जाळीत मारू लागली, कारण गटात दुसरं आलं तर आपल्याच देशाची दुसरी जोडी अंतिम सामन्याआधी समोर येणार नव्हती. समोरची कोरियाची जोडीही तेच करू लागली. दुसऱ्या एका सामन्यात कोरियाची आणखी एक जोडी आणि इंडोनेशियाची जोडी, तीच कथा. तिकीट काढून आलेले प्रेक्षक हुर्यो उडवत होते. दुसऱ्या दिवशी आठही जणींना स्पर्धेबाहेर काढलं.

आपल्या मुलींनी तीनपैकी दोन सामने जिंकले होते. त्यांच्या गटात जपानची जोडी चिनी तैपेईकडून हरली, तिघींचे विजय सारखे झाले, आणि ज्वाला-अश्विनी एका गुणाच्या फरकाने बाहेर गेल्या. भारताने त्या सामन्याबद्दल तक्रार केली. ती फेटाळली गेली. जपानच्या त्या जोडीने पुढे रौप्यपदक मिळवलं.

त्या जपानी मुली मुद्दाम हरल्या असं मी म्हणणार नाही. तसं सिद्ध झालेलं नाही आणि त्या कदाचित खरोखरच हरल्या असतील. माझं दुखणं वेगळंच आहे. जिथे हरण्यात फायदा असतो तिथे प्रामाणिकपणे हरलेल्याकडेही लोक संशयाने पाहतात. घाम गाळून हरलेल्या माणसाची इज्जत जाते. जत्रेतल्या नुरा कुस्तीचं नेमकं हेच पाप आहे. दोन पैलवान आधी ठरवून लढले की त्या दिवशीचा इनाम तर बुडतोच, पण पुढच्या वर्षी खरी कुस्ती लागली तरी लोक म्हणतात, "ही पण नुराच असेल."

चौतीस वर्षं शाळेत काढली. पोरांना हरायला शिकवणं हे जिंकायला शिकवण्यापेक्षा अवघड आहे. हरलास तरी मान खाली घालू नकोस, तू जीव तोडून खेळलास, हे सांगायला तोंड लागतं. एका आंतरशालेय कबड्डी स्पर्धेत मी गुणलेखक होतो. एका शाळेचा संघ गटात पुढे जाणार हे नक्की झालं होतं. दुसरा नंबर आला तर पुढचा सामना सोपा जाणार होता. त्यांच्या सरांनी पोरांच्या कानात काहीतरी सांगितलं आणि त्यांचा चांगला चढाईपटू रेषेला हात लावण्याआधीच बसू लागला. सामना संपल्यावर तो पोरगा पाणी प्यायला माझ्या टेबलाजवळ आला. मी काही विचारलं नव्हतं. तोच म्हणाला, "गुरुजी, मला येते हो चढाई." आठवीतलं पोर! हरल्याचं दुःख त्याला नव्हतं. आपल्याला येतं हे कुणाला तरी सांगावं लागतंय, याचं होतं.

आपल्या खेड्यातल्या पोरांसाठी सामना हा नुसता खेळ नसतो. दहावी-बारावीला खेळाचे वाढीव गुण असतात, २००५ पासून सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के जागा आहेत. मुद्दाम सोडलेल्या एका सामन्यामुळे तिसऱ्याच गावच्या पोराचा नंबर जातो. ज्वाला-अश्विनीचा गेला तसा, फक्त त्याची बातमी होत नाही.

मग उपाय काय? नुसती टीका करून पळून जाणं मास्तराला शोभत नाही.

लंडननंतर बॅडमिंटनवाल्यांनी शहाणपणा केला. गटात दुसऱ्या आलेल्या जोड्यांची पुढची जागा चिठ्ठीने ठरवायची असा नियम केला. आता दुसरं येऊन पुढे कोण भेटेल हे आधी कळतच नाही, मग हरेल कोण? इथे चिठ्ठीने हरण्याचा फायदा मुळातून उपटला. एनबीएच्या चिठ्ठीने तो फक्त पातळ केला. दुधात पाणी घालणं वेगळं आणि दूध नासलेलं आहे म्हणून ओतून देणं वेगळं.

दुबळ्या संघांचं काय, हा प्रश्न खरा आहे. लहान गावचा संघ कायम मार खाईल, ही भीती खोटी नाही. पण आपलं आयपीएल पाहा. त्यातल्या झगमगाटाबद्दल माझी मतं फार चांगली नाहीत, तरी एक गोष्ट मान्य करावी लागेल. २०२५ च्या मोठ्या लिलावासाठी प्रत्येक संघाला सारखेच १२० कोटी होते. शेवटून पहिल्या आलेल्याला जास्त नाहीत. मुंबई २०२२ ला तळाला होती, २०२४ लाही तळाला होती, तिला कुणी बक्षीस दिलं नाही. तरी २०२५ ला ती बाद फेरीत पोचली. प्रो कबड्डीतही लिलावच असतो. सुरुवातीला सगळ्यांच्या हातात सारखं द्या, शेवटी हरलेल्याच्या हातात काही ठेवू नका.

लिलाव नको असेल तर पाळी लावा. बॉस्टन संघाचे अधिकारी माइक झॅरेन यांची अशी एक योजना २०१३ साली चर्चेत आली होती. ३० वर्षांचं चक्र, प्रत्येक संघाला प्रत्येक क्रमांकाची निवड एकेकदा मिळणार, जिंका नाहीतर हरा. आमच्याकडे पूर्णा प्रकल्पाच्या कालव्यावर पाणीपाळी असते. पाणी ज्याच्या त्याच्या पाळीने येतं. पीक वाळवून ठेवलं म्हणून कुणाची पाळी आधी येत नाही, म्हणून कुणी वाळवत नाही. यात एखाद्या वर्षी बलाढ्य संघालाच उत्तम खेळाडू मिळेल, हे कबूल. मिळू द्या की! त्याचं नशीब. निदान त्यासाठी कुणी प्रेक्षकाला फसवलेलं नसेल.

आणि आपल्या तालुका-जिल्ह्याच्या स्पर्धा भरवणाऱ्यांना हात जोडून विनंती. गटसाखळी ठेवा, पण पुढच्या फेरीच्या चिठ्ठ्या गटाचे सगळे सामने संपल्यावर, सगळ्या संघांसमोर, एखाद्या लहान मुलाच्या हाताने काढा. खर्च चार कागदाच्या तुकड्यांचा. मग कुणा सरांना पोराच्या कानात काही सांगावंसंच वाटणार नाही.

पटलं तर करून बघा. नाही पटलं तर माझ्याशी भांडा, पण जिंकण्यासाठी भांडा!