जुन्या मोटारसायकलचे पॉइंट काढावेत का?

बुलेट, जावा, येझदी, राजदूत अशा जुन्या मोटारसायकली हौसेने सांभाळणाऱ्या मंडळींत एक वाद हमखास रंगतो. इंजिनात ठिणगी पाडणारे मूळचे पॉइंट ठेवावेत, की ते काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवावे? एक पक्ष म्हणतो, पॉइंट गेले की गाडीचा जीवच गेला. दुसरा म्हणतो, ज्या कटकटीवर इलाज निघाला ती सोसायची कशाला? रोज रस्त्यावर धावणाऱ्या गाडीपुरता मी दुसऱ्या पक्षाचा आहे. मात्र काढलेले पॉइंट भंगारात टाकण्याची त्यांची घाई मला मान्य नाही.

पॉइंट म्हणजे अखेर एक स्विच. बॅटरीचा प्रवाह इग्निशन कॉइलच्या जाड तारेतून वाहतो आणि कॉइलच्या लोखंडी गाभ्यात चुंबकत्व येते. इंजिनाबरोबर फिरणारा कॅम नेमक्या क्षणी पॉइंटची जोडी विलग करतो. प्रवाह तुटतो, चुंबकक्षेत्र एकदम ओसरते आणि त्याच गाभ्यावर गुंडाळलेल्या बारीक तारेच्या हजारो वेढ्यांत दहा-वीस हजार व्होल्ट निर्माण होतात. ठिणगी प्रवाह वाहताना नव्हे, तो तुटताना पडते, हे ध्यानात घ्या. मायकेल फॅरडेने १८३१ साली दाखवलेले विद्युतचुंबकीय प्रवर्तन ते हेच. त्यावर आधारलेली बॅटरी आणि कॉइलची ही पद्धत चार्ल्स केटरिंग याने १९१० च्या कॅडिलॅक मोटारीत आणली आणि पुढे अनेक दशके ती जगभर चालली.

मग बिघडते कोठे? थोडा हिशेब करू. बुलेटचे इंजिन चार स्ट्रोकचे, एका सिलिंडरचे. दोन फेऱ्यांत एक ठिणगी. मिनिटाला ३००० फेऱ्या धरल्या तर सेकंदाला २५ ठिणग्या, म्हणजे तासाला ९०,००० वेळा पॉइंट उघडणार आणि मिटणार! दर वेळी त्यांच्यामध्ये बारीकशी ठिणगी उडते. कंडेन्सर ती पुष्कळशी आवरतो, पण पूर्ण नाही. हळूहळू एका टोकाला खड्डा आणि दुसऱ्याला उंचवटा येतो. शिवाय कॅमवर घासणारी टाच झिजते, ०.३५ ते ०.४० मिलिमीटरची फट कमी होते, पॉइंट उशिरा उघडतात आणि ठिणगीही उशिरा पडते. इंजिन तापते, जोर कमी होतो, पेट्रोल जास्त लागते. मग पॉलिश पेपर आणि फीलर गेज घेऊन बसायचे. हे काम करणारे जाणते हातही आता कमी झाले आहेत.

इलेक्ट्रॉनिक संचात कॅमच्या जागी चुंबक फिरतो, संवेदक त्याची चाहूल घेतो आणि ट्रान्झिस्टर प्रवाह तोडतो. काहीच घासत नाही, म्हणून फट बदलत नाही. १९८५ साली आपल्याकडे आलेल्या यामाहा आरएक्स १०० मध्ये याहून वेगळी पद्धत होती. तिच्यात कंडेन्सर आधी काहीशे व्होल्टला भारून तो क्षणात कॉइलमध्ये रिकामा करतात. फॅरडेचा नियम मात्र दोन्हीकडे कायम आहे. म्हणून ‘जीव गेला’ हे मला पटत नाही. बदलला तो स्विच.

विरोधकांचा एक मुद्दा खरा आहे. पॉइंट रस्त्यात बिघडले तर घासूनपुसून गाडी घरी आणता येते. राळेत गाडलेली डबी बंद पडली तर काही करता येत नाही. लांबच्या प्रवासाला जुनी प्लेट टूलबॉक्समध्ये असलेली बरी. संच घेण्यापूर्वी आपली गाडी ६ व्होल्टची की १२ व्होल्टची, हेही पाहावे. बऱ्याच जुन्या ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचे धन टोक सांगाड्याला जोडलेले असते. तेथे तारा उलट जोडल्या तर नवा संच पहिल्याच दिवशी जळायचा. आणि मूळ दुखणे मरतुकड्या बॅटरीचे असेल, तर नव्या संचाने ते बरे होणार नाही.

आता भंगाराकडे वळू. बंद डबीत प्रवर्तन चालते, पण दिसत नाही. पॉइंटमध्ये ते डोळ्यांनी दिसते. गॅरेजमध्ये पडलेली जुनी प्लेट, कंडेन्सर, कॉइल आणि प्लग शाळेच्या प्रयोगशाळेत आले, तर प्रवर्तनाचा धडा फळ्यावरून टेबलावर येईल. कॅम हाताने फिरवा, पॉइंट उघडताच प्लगवर ठिणगी. कंडेन्सर काढून पुन्हा फिरवा. आता ठिणगी पॉइंटवर जोरात आणि प्लगवर दुबळी. असे का होते, यावर वर्गात चांगला वाद होऊ द्यावा.

हा प्रयोग शिक्षकांनी स्वतः करावा. प्लगचे धातूचे अंग बॅटरीच्या ऋण टोकाला पक्के जोडावे, चालू असताना जाड तारेला कोणीही हात लावू नये आणि जवळ पेट्रोल नसावे. कंडेन्सर काढण्यापूर्वी बॅटरीची तार सोडवावी. पॉइंट मिटलेले ठेवून बॅटरी चालू राहिली तर कॉइल तापते, तेव्हा मधल्या वेळातही ती तार काढून ठेवावी.