उपाशी राहण्याचा हक्क

'आग्रह' या शब्दाला मराठीत चांगला अर्थ ज्याने चिकटवला, तो माणूस पंक्तीत वाढणारा असला पाहिजे. जेवणारा खचित नव्हे. पाहुण्याने पानावर आडवा हात धरावा आणि यजमानाने बोटांच्या फटीतून जिलबी सोडावी, याला आपल्याकडे प्रेम म्हणतात. माणसं त्यातून वाचतात, कारण माणसाला उठून हात धुता येतो. कुंडीतल्या झाडाला ती सोय नाही. त्यातून ते झाड किडे खाणारं निघालं तर विचारूच नका. यजमानाच्या अंगात येतं. "अहो, खातंय ना? मग खाऊ दे की पोटभर!"

माझं मत स्पष्ट आहे. नवशिक्यांच्या घरच्या कीटकभक्षी वनस्पती उपासमारीने मरत नाहीत, पाहुणचाराने मरतात. यावर कुणाला वाद घालायचा असेल तर जरूर यावं. फक्त येताना खताची पुडी आणू नये.

आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांनी मोठ्या हौसेने व्हीनस फ्लायट्रॅप आणला. विकणाऱ्याने सांगितलं होतं, "अगदी सोपं झाड आहे, साहेब. घरातले सगळे डास संपवतं." घरातले सगळे डास! या झाडाच्या एका पानाला एक किडा पचवायला आठवडा-दहा दिवस लागतात. आपल्या खिडकीतून तेवढे डास एका संध्याकाळी चहा व्हायच्या आत येतात.

मग स्वागत सुरू झालं. आधी काकांनी पानात बोट घातलं. पान मिटलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग काकूंनी घातलं, मग नातवाने, मग इस्त्रीवाल्याने. त्या पानाच्या आत दोन्ही बाजूंना बारीक केस असतात. वीसेक सेकंदांत त्यांना दोनदा धक्का लागला तरच पान मिटतं. पावसाच्या एका थेंबासाठी उगाच दमायचं नाही, एवढा हिशेब त्या झाडाला येतो. मिटलेलं रिकामं पान पुन्हा उघडायला जवळजवळ एक दिवस जातो आणि एक पान आयुष्यात मोजक्याच वेळा मिटू शकतं. म्हणजे दाराची बेल वाजवून पळणाऱ्या पोरांसाठी म्हाताऱ्याला रोज चार जिने उतरायला लावण्यासारखंच हे.

नंतर पनीर. काकांचं घर शाकाहारी, तेव्हा झाडालाही वळण लावणं आलं. पनीर तडफडत नाही, त्यामुळे पान नीट घट्ट बंद होत नाही. तुकडा आत सडला, पानाला बुरशी आली. "अशक्तपणा दिसतोय," असं निदान होऊन शेणखत पडलं, वर बोअरचं पाणी. तिसऱ्या आठवड्यात झाड काळं पडलं. "नाजूकच फार," काका म्हणाले. पाहुणा गेल्यावर त्याच्या पचनशक्तीला नावं ठेवायची, हीसुद्धा आपली जुनी रीत!

मुळात 'मांसाहारी' हा शब्दच या झाडांवर अन्याय करतो. डार्विनने १८७५ साली यांच्यावर आख्खं पुस्तक लिहिलं. तेव्हापासून यांचं गुपित उघडं आहे. ही झाडं जेवतात इतर झाडांसारखंच, उन्हावर. किड्यातून त्यांना हवा असतो नायट्रोजन आणि फॉस्फरस, कारण ती ज्या जमिनीत वाढतात तिथे ते जवळजवळ नसतातच. किडा म्हणजे त्यांचं लोणचं. आता लोणचं खातो म्हणून कुणाला कोणी लोणचाहारी म्हणतं का? उलट हे झाड बैरागीच म्हणायला हवं. जिथे कुणाचं पोट भरत नाही तिथे मुद्दाम जाऊन बसलेलं. त्याच्या मुळांना क्षार आणि खत सोसत नाही. त्याला श्रीखंड-पुरीचं ताट वाढलं तर ते मरणारच.

तेव्हा नवशिक्याने शिकायचं ते वाढायला नव्हे, हात आवरायला. माती नको, खत नको. स्फॅग्नम मॉस आणि परलाइट पुरे. पाणी पावसाचं किंवा डिस्टिल्ड. आपल्याकडे चार महिने आभाळ हे पाणी फुकट ओततं. आपण ते गटारात सोडतो आणि मग दुकानात जाऊन बाटली मागतो. बशीत बोटभर पाणी ठेवून त्यात कुंडी ठेवावी, भरपूर ऊन द्यावं आणि आपण आपल्या कामाला लागावं. किडे त्याचे ते शोधतं. नोकरीला लागलेल्या मुलाला आपण डबा घेऊन मागे धावतो, तसं इथे करायचं नाही.

आणि पहिलं झाड फ्लायट्रॅप नकोच. तो अमेरिकेतल्या उत्तर आणि दक्षिण कॅरोलायनाच्या किनारपट्टीचा. त्याला दर वर्षी तीन-चार महिने थंडीत झोप लागते. ठाण्याच्या गॅलरीत ती कुठून आणणार? तिथल्या रानातूनही तो इतका चोरला गेला की उत्तर कॅरोलायनात २०१४ पासून ती चोरी गंभीर गुन्हा ठरली. त्यापेक्षा दक्षिण आफ्रिकेचा केप सनड्यू बियांपासून लावावा. बी धुळीसारखं बारीक असतं. ते वर नुसतं भुरभुरायचं, पुरायचं नाही. थंडीच्या झोपेचा हट्ट नाही, चिकट केसांवर चिलटं आपोआप धरतं आणि बोट घालायला त्यात काही मिटत नाही, हा सगळ्यात मोठा गुण.

"एवढं कशाला? कासला जाऊन एक रोप उपटून आणू," असं म्हणणारे महाभाग असतात. माझा खरा राग त्यांच्यावर आहे. साताऱ्याजवळच्या कास पठारावर पावसाळ्यात निळ्या-जांभळ्या 'सीतेच्या आसवां'चा गालिचा पसरतो, त्याचे लोक फोटो काढतात. ते आसू जमिनीखालच्या इवल्या पिशव्यांनी पाण्यातले जीव एका सेकंदाच्या हजाराव्या भागाहून कमी वेळात ओढून घेतात, हे फोटोत दिसत नाही. शेजारीच दवबिंदू आपले चकाकणारे थेंब लावून बसलेला असतो. ही मंडळी त्या कातळावर, त्या पावसावर जगतात. उपटून आणलेली घरी टिकत नाहीत. शाळेच्या पुस्तकात जिचं चित्र आपण काढलं ती मेघालयातली घटपर्णी, तिच्याही आंतरराष्ट्रीय व्यापारावर कडक निर्बंध घालावे लागले, ते अशाच हौशींमुळे.

पण उपटणारा निदान एक रोप नेतो. आग्रही माणूस आख्खा सडा नेतो. कोकणातल्या कातळसड्यांना आपण 'पडीक' म्हणतो. काही उगवत नाही म्हणे! मग तिथे सुरुंग लावून खड्डे पाडायचे, बाहेरून माती आणायची, खत ओतायचं आणि कलमं लावायची. नाहीतर चिरेखाण खणायची. आंब्याशी माझं वैर नाही, दर वैशाखात मी ते सिद्ध करतो. पण ज्या जमिनीचं काहीही नसणं हेच कुणाचं तरी घर आहे, तिला सुधारणं म्हणजे त्या घराला कुलूप लावणं. पनीरचा तुकडा आणि मातीचा डंपर, फरक फक्त मापाचा आहे. दोन्हीकडे भावना एकच: बिचाऱ्याकडे काही नाही, आपण देऊ या.

त्याने मागितलं होतं का, हे कुणी विचारत नाही.

म्हणून माझं म्हणणं असं की, कीटकभक्षी झाड प्रत्येक घरात एकेक असावंच. डासांसाठी नव्हे. रोज सकाळी त्याच्यासमोर दोन मिनिटं हात मागे बांधून उभं राहायचं. ज्याला हे वर्षभर जमलं त्याने सड्यावर जावं, ओणवं होऊन दवबिंदू पाहावा आणि रिकाम्या हाताने परत यावं. ज्याला जमत नाही त्याने खुशाल जास्वंद लावावी. ती बिचारी काहीही खाते.