शिळं पाणी

सोलापुरात, भाड्याच्या फ्लॅटमध्ये चक्क बाथटब! मैत्रिणींना सांगितलं की आधी 'वॉव' येतं आणि पाठोपाठ, 'पण बाई, पाणी कुठून आणतेस?' बरोबरच आहे. इथं नळाला रोज पाणी येत नाही. उजनीहून सुमारे ११० किलोमीटरच्या पाइपलाइननं आलेल्या पाण्यात फेस करून लोळायचं म्हणजे अख्ख्या बिल्डिंगचे शाप! त्यामुळे आमचा टब म्हणजे हौद. नळ आले की बूच लावून काठोकाठ भरायचा. पुढच्या वेळी उरलेलं 'शिळं' पाणी सोडून द्यायचं आणि ताजं भरायचं. आई तेच करायची, मीही तेच.

परवा कुरिअर घ्यायला खालच्या आजींकडे गेले. बघते तर बाथरूमच्या छतावर पिवळट नकाशा आणि खाली निळी बादली.

"आजी, हे कधीपासून?"

"संक्रांतीपासून असेल की. पाणी यायच्या दिवशीच गळतंय बघ."

"मग सांगितलं का नाही?"

"तू दमून येतीस रात्री. कशाला तुला टेन्शन? आणि वाया नाही जात गं, त्याच पाण्यानं फरशी पुसते मी."

मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय, ते त्या दिवशी कळलं.

रविवारी प्लंबरकाकांना बोलावलं. आजींचं वाक्य ऐकूनच ते हसले. "टब भरलेला असताना गळत नाही, सोडल्यावर गळतंय. म्हणजे टब चांगलाय, खालचा जॉइंट गेलाय की ओ!" पण टबाला चारी बाजूंनी विटा आणि टाइल्स. हात घालायला जागाच नाही! घरमालकांची फोनवर परवानगी घेऊन दोन टाइल्स फोडल्या. काकांनी खाली जुना सोलापुरी टॉवेल अंथरला, प्रत्येक जॉइंट कोरडा पुसून वर्तमानपत्राचा कागद गुंडाळला आणि बूच काढायला सांगितलं. बाकी कागद कोरडे, ट्रॅपच्या नटावरचा मात्र चिंब.

त्या नटावर आधीच कुणीतरी पुटीचा जाड लेप थापला होता. "वरून लेप लावून काय होतंय? दुखणं आतमध्ये," काका म्हणाले. आत रबरी वॉशर निघाला, पापडासारखा कडक आणि वर उलटा बसवलेला. मी माझं ज्ञान पाजळलं, "टेफ्लॉन टेप लावू या ना?" "टेप आट्यांतून गळत असेल तिथं. इथं पाणी वॉशर अडवतो." मग तिरका ओढलेला पाइप सरळ केला, नवीन वॉशरची निमुळती बाजू जॉइंटच्या आत केली, नट हातानं आवळला आणि पान्ह्यानं अगदी थोडासा. जास्त आवळला तर वॉशर दबून सरकतो, प्लास्टिकचा नट तडकतो. पुन्हा पाणी सोडलं. कागद कोरडा!

वॉशर पावभाजीच्या प्लेटपेक्षा स्वस्त पडला. महाग पडल्या त्या टाइल्स. तिथं आता स्क्रूनं उघडणारी छोटी झडप बसवली आहे. तुमच्याकडे टब बसवणार असाल, तर ही झडप आधीच मागून घ्या. आणि खाली कुणी राहत असेल, तर अधूनमधून जाऊन त्यांचं छत बघून या. सगळेच काही तक्रार करायला वर येत नाहीत.

पुढच्या पाण्याच्या दिवशी आजींचा फोन आला. पोटात गोळाच आला!

"आज एक थेंब नाही पडला गं. आता फरशी कशानं पुसू?"

टबाकडे बघितलं. बूच काढायला हात पुढे गेलाच होता. मग दोन बादल्या भरल्या आणि खाली घेऊन गेले. शिळं पाणी म्हणे! आता टब सोडून देत नाही, बादल्यांनी रिकामा करते. फरशी, फ्लश, कुंड्या आणि दोन बादल्या आजींच्या.